शिरूर १९८, दौंड १९९

मतदारसंघ पुनर्रचनेच्या २००८ च्या आदेशात पुणे जिल्ह्याचे विधानसभा मतदारसंघ उत्तरेकडून ओळीने लावले आहेत. १९५ जुन्नर, १९६ आंबेगाव, १९७ खेड आळंदी, १९८ शिरूर, १९९ दौंड. यादीत १९८ आणि १९९ एकमेकांना चिकटून उभे आहेत. प्रत्यक्षात या दोन तालुक्यांच्या मधून बरेच अंतर भीमा वाहते, आणि लोकसभेची हद्दही तिथेच पडते. १९८ हा भाग लोकसभेच्या ३६ क्रमांकाच्या शिरूर मतदारसंघात, तर १९९ हा ३५ क्रमांकाच्या बारामतीत. २००४ च्या निवडणुकीपर्यंत असे नव्हते. तेव्हा शिरूर आणि दौंड हे दोन्ही बारामती लोकसभेचे भाग होते आणि शिरूरमधल्या न्हावऱ्याचा व दौंडमधल्या पाटसचा मतदार एकाच खासदारासाठी, म्हणजे शरद पवारांसाठी किंवा त्यांच्या विरोधात मत देत होता. जुन्नर, आंबेगाव, खेड यांचा वेगळा ‘खेड’ लोकसभा मतदारसंघ होता. २००१ ची जनगणना आधाराला घेऊन पुनर्रचना आयोगाने खेड मोडला, त्यातले तीन तालुके घेतले, बारामतीतून शिरूर काढले, भोसरी आणि हडपसर ही शहराची दोन टोके जोडली, आणि शिरूर नावाचा नवा लोकसभा मतदारसंघ उभा केला.

एका डॉक्टरच्या राजकीय चरित्राची सुरुवात या आदेशापासून करण्याचे कारण आहे. डॉ. अमोल कोल्हे २०१९ मध्ये या मतदारसंघातून लोकसभेत गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा गेले. त्यांच्याबद्दल लोक एका वाक्यात बोलतात: मालिकेत संभाजी महाराज केले, म्हणून निवडून आले. हे वाक्य सोपे आहे आणि अर्धे खरेही आहे. पण राजकीय चरित्र अशा एका वाक्यावर उभे करता येत नाही. आपल्याकडे कागद आहेत. पुनर्रचनेचा आदेश, उमेदवाराचे नमुना २६ मधले शपथपत्र, मतमोजणीनंतरचा फॉर्म २०, निवडणूक आयोगाचे आदेश, लोकसभेच्या कामकाजाची नोंद, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. हे कागद काय सांगतात ते आधी पाहावे आणि मग ते वाक्य किती टिकते ते ठरवावे, एवढाच या लेखाचा उद्योग आहे. माणूस हयात आणि पदावर असताना त्याच्याविषयी लिहिताना कागदाचा आधार अधिकच घट्ट धरावा लागतो.

उमेदवाराने आपले शिक्षण, मालमत्ता आणि आपल्यावरचे खटले शपथेवर सांगायचे, हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांतून आला. त्याआधीच्या खासदाराचे शिक्षण शोधायला संसदेच्या परिचय-पुस्तिका आणि गावची माहिती यांवर विसंबावे लागे. कोल्हे यांच्या बाबतीत शिक्षणाचा रकाना स्वच्छ आहे: एमबीबीएस, मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून. जुन्नर तालुक्यातल्या मीना नदीकाठच्या नारायणगावचा मुलगा, शालेय शिक्षणासाठी पुण्याच्या आपटे प्रशालेत आणि तिथून परळला केईएममध्ये, असा हा प्रवास आहे. ग्रामीण पुणे जिल्ह्यातल्या हुशार मुलाचा तो ठरलेला मार्ग म्हणता येईल.

पण ज्या महाविद्यालयाचे नाव या रकान्यात आहे त्याचा स्वतःचा इतिहास राजकारणाशी जोडलेला आहे, आणि तो इथे सांगण्यासारखा आहे. जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले. सरकारी वैद्यकीय सेवेत तेव्हा वरच्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत. या महाविद्यालयाला देणगी देणाऱ्यांची अट अशी होती की शिकवणारे सगळे भारतीय असावेत. पहिले अधिष्ठाता झाले डॉ. जीवराज मेहता. गांधीजींच्या निकट असलेले हे डॉक्टर पुढे स्वतंत्र भारताचे पहिले आरोग्य सेवा महासंचालक झाले, मुंबई राज्यात मंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. त्याच महाविद्यालयातून डॉ. दत्ता सामंत बाहेर पडले. घाटकोपरला दवाखाना चालवताना दगडखाणीत काम करणारे मजूर त्यांच्याकडे येत. त्यांच्या जखमा आणि त्यांची मजुरी या दोन गोष्टी सामंतांना वेगळ्या करता आल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप त्यांच्या नावाने ओळखला गेला, आणि १९८४ च्या काँग्रेस लाटेत ते दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले.

या दोघांशेजारी कोल्हे यांना ठेवले की फरक लगेच दिसतो. मेहता रुग्णालयाच्या कारभारातून राजकारणात आले आणि सामंत रुग्णांमधून. कोल्हे वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडले, पण मतदारांपर्यंत ते दवाखान्यातून पोचले नाहीत. त्यांचा मार्ग रंगमंचाचा आणि पडद्याचा होता. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी म्हणून ओळखली जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. यात्रेच्या हंगामाआधी राज्यभरातले गावकारभारी सुपारी द्यायला याच गावी येतात. कलावंताला ऐकणे, त्याच्यासाठी रात्र जागवणे आणि त्याच्या तोंडून इतिहास समजून घेणे हे या भागाच्या अंगवळणी पडलेले आहे.

२००८ मध्ये स्टार प्रवाह वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका आली. त्यात शिवाजी महाराजांची भूमिका कोल्हे यांनी केली. सप्टेंबर २०१७ मध्ये झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू झाली, ती फेब्रुवारी २०२० पर्यंत चालली. म्हणजे २०१९ च्या एप्रिलमध्ये शिरूरमध्ये मतदान झाले तेव्हा ही मालिका चालू होती. तारखा जुळवून पाहणाऱ्याला एवढे तरी मान्यच करावे लागते.

त्याहून महत्त्वाची जुळणी भूगोलाची आहे. शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो शिवनेरी जुन्नर तालुक्यात आहे. संभाजी महाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात. ११ मार्च १६८९ रोजी भीमा-इंद्रायणीच्या या परिसरात औरंगजेबाच्या छावणीत त्यांचा वध झाला. पित्याचे जन्मस्थान आणि पुत्राची समाधी, दोन्ही ३६ क्रमांकाच्या एकाच लोकसभा मतदारसंघात आहेत. आणि वढूच्या समाधीचा इतिहास हाही कागदांचा इतिहास आहे. बखरींनी आणि नंतर नाटकांनी संभाजी महाराजांची जी प्रतिमा रंगवली होती, ती वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागदांच्या आधारे तपासली. त्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षे घालवली आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. वढूच्या समाधीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे कामही त्यांचेच. पुढे कमल गोखले यांनी त्याच विषयावर संशोधन केले. मालिकेत जो संभाजी लोकांनी पाहिला, त्याच्या मागे हे काम उभे होते. बेंद्र्यांनी कागद तपासले नसते तर ही मालिका अशी लिहिली गेली नसती, असे मला वाटते. मात्र मालिका घराघरांत पोचली, बेंद्र्यांचे नाव तितके पोचले नाही, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

आता पक्षाकडे. कोल्हे यांनी राजकारणात पाऊल ठेवले ते २०१४ मध्ये, शिवसेनेतून. पुढे ते पक्षाचे उपनेते झाले. मार्च २०१९ मध्ये त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये प्रवेश केला आणि त्याच महिन्यात त्यांना शिरूरची उमेदवारी मिळाली. समोर होते शिवाजीराव आढळराव पाटील, आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीचे उद्योजक, २००४ मध्ये खेडमधून आणि २००९, २०१४ मध्ये शिरूरमधून असे सलग तीन वेळा निवडून आलेले शिवसेनेचे खासदार. म्हणजे शिवसेनेच्या एका माजी उपनेत्याने शिवसेनेच्याच खासदाराला आव्हान दिले होते.

इथून पुढे आकडे बोलतात. ते जरा सावकाश वाचावेत.

२००९ मध्ये आढळरावांना ४,८२,५६३ मते मिळाली आणि राष्ट्रवादीच्या विलास लांडे यांना ३,०३,९५२. फरक १,७८,६११. २०१४ मध्ये आढळराव ६,४३,४१५ वर गेले, राष्ट्रवादीचे देवदत्त निकम ३,४१,६०१ वर थांबले. फरक तीन लाखांच्या वर. २०१९ मध्ये कोल्हे यांना ६,३५,८३०, आढळरावांना ५,७७,३४७. फरक ५८,४८३.

आढळरावांची मते पाच वर्षांत ६६ हजारांनी घटली हे खरे. पण २०१९ मध्ये हरताना त्यांना जी मते पडली, ती २००९ मध्ये जिंकताना पडलेल्या मतांपेक्षा जवळजवळ ९५ हजारांनी जास्त होती. त्यांचा पाया कोसळला म्हणून ते हरले, असे या आकड्यांतून म्हणता येत नाही. राष्ट्रवादीची मते मात्र २,९४,२२९ ने वाढली. आढळरावांकडून सुटलेली सगळी मते कोल्हे यांना गेली असे धरले, तरी या वाढीचा चौथा हिस्साही भरत नाही. बाकीची मते नव्या मतदारांतून आणि २०१४ मध्ये इतर उमेदवारांकडे गेलेल्या मतांतून आली असणार. जो मतदार आधी राष्ट्रवादीकडे वळत नव्हता किंवा मतदानाला जातच नव्हता, तो या वेळी आला. चेहऱ्याचा परिणाम म्हणतात तो इथे दिसतो, आणि तो मोठा आहे.

मात्र तो सगळीकडे सारखा नाही. विधानसभानिहाय हिशेब मांडला तर जुन्नरने कोल्हे यांना सुमारे ४१ हजारांची आघाडी दिली, शिरूरने सुमारे २६ हजारांची, आंबेगावने सुमारे २५ हजारांची, खेडने साधारण सात हजारांची. भोसरीने उलट आढळरावांना सुमारे ३७ हजारांनी पुढे ठेवले आणि हडपसरनेही पाच हजारांनी. मालिका तर भोसरीतही लागत होती आणि हडपसरमध्येही. दूरचित्रवाणी संच आणि केबल शहरातच अधिक. तेव्हा केवळ चेहराच काम करत असता तर शहरी भागाने पाठ फिरवायला नको होती. जुन्नरची आघाडी सर्वांत मोठी आहे, कारण जुन्नर हा त्यांचा स्वतःचा तालुका. शिरूरची आघाडी दुसरी. शिरूर तालुका दशकानुदशके बारामती लोकसभेत होता, तिथल्या सोसायट्या, दूधसंघ, साखर कारखान्याचे सभासद यांचे पवारांशी जुने नाते होते, आणि २००९ मध्ये हद्द बदलली म्हणून ते नाते तुटले नव्हते. माझे मत असे की कोल्हे यांना लोकसभेत पोचवण्यात ज्या गोष्टींनी हात दिला त्यात पडद्याइतकाच वाटा या जुन्या हद्दीचाही आहे.

आणखी एक बाब या हिशेबात धरली पाहिजे. त्या वेळी या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी फक्त आंबेगावात राष्ट्रवादीचा आमदार होता, दिलीप वळसे पाटील. जुन्नर मनसेने जिंकले होते, खेड शिवसेनेने, शिरूर आणि हडपसर भाजपने. भोसरीचे महेश लांडगे अपक्ष म्हणून जिंकून भाजपबरोबर होते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यात राष्ट्रवादीला चारच जागा मिळाल्या: बारामती, सातारा, रायगड आणि शिरूर. सहा महिन्यांनी विधानसभा झाली तेव्हा सहापैकी पाच ठिकाणी राष्ट्रवादीचे आमदार निवडून आले. खासदाराने आमदारांसाठी वाट मोकळी केली, की शरद पवारांच्या त्या शरदातल्या प्रचाराने? दोन्हीपैकी एकच कारण ठरवणे मला योग्य वाटत नाही.

खासदारकीची पहिली पाच वर्षे ही कसोटीची होती. ६ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने कोरोनामुळे खासदार निधी दोन वर्षांसाठी थांबवला. तो नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. पहिल्यांदाच निवडून आलेल्या खासदाराच्या हातून गावोगावी कामे दाखवण्याचे साधन त्यामुळे काही काळ गेले. उरले ते सभागृहात प्रश्न मांडणे. पुणे-नाशिक महामार्गावरचे बायपास, चाकणची वाहतूककोंडी, कांदा, बिबट्या आणि बैलगाडा शर्यत. बायपासच्या श्रेयावरून आढळराव आणि कोल्हे यांच्यात जाहीर वादही झाले.

बैलगाड्याचा विषय बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरमध्ये तो किरकोळ नाही. यात्रेतला घाट, चार बैलांची बारी, पुढे धावणारी घोडी आणि तिच्यावरचा स्वार हा इथला मोठा उत्सव. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि घाट ओस पडले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, तरी प्रकरण अडकून राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा कायम केला. शर्यत सुरू झाली की बारीपुढे घोडीवर बसेन असा शब्द कोल्हे यांनी दिला होता. २०२२ च्या फेब्रुवारीत खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात त्यांनी तो पाळला. न्यायालयातला विजय हा बैलगाडा मालकांच्या संघटनेचा आणि राज्य सरकारच्या कायद्याचा होता, कोण्या एका खासदाराचा नव्हे. घोडीवर बसलेले मात्र कोल्हे दिसले. लोकांच्या मनात काय राहते आणि कागदात काय राहते यांतला फरक इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

पुणे-नाशिक रेल्वेची गोष्ट उलट आहे. सुमारे २३५ किलोमीटरची ही मध्यम-अतिवेगवान रेल्वे नारायणगाव परिसरातून जाणार होती. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी आहे, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण. धावत्या विजेच्या गाडीमुळे तिच्या निरीक्षणांत अडथळा येईल असा आक्षेप आला आणि केंद्राने मार्ग शिर्डीकडून वळवण्याचे ठरवले. खासदाराच्या स्वतःच्या गावाजवळची रेल्वे त्याच्याच गावाजवळच्या दुर्बिणीमुळे गेली. दोन्ही गोष्टी देशाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत, आणि दोहोंपैकी कुठलीही खोटी नाही. तालुक्यातल्या टोमॅटो आणि फुलांच्या शेतकऱ्याला त्यातून मिळाली ती केवळ प्रतीक्षा.

जानेवारी २०२२ मध्ये एक वेगळा कागद वर आला: पाच वर्षांपूर्वी चित्रित झालेल्या ‘व्हाय आय किल्ड गांधी’ या चित्रपटाची प्रदर्शनाची घोषणा. त्यात नथुराम गोडसेची भूमिका कोल्हे यांनी केली होती. ही भूमिका केली तेव्हा ते लोकसभेत नव्हते, पण चित्रपट आला तेव्हा ते गांधीजींना आपले मानणाऱ्या आघाडीचे खासदार होते. टीका झाली, पक्षातूनही झाली. शरद पवारांनी कलावंत म्हणून त्यांची बाजू घेतली. कोल्हे आळंदीला इंद्रायणीकाठच्या गांधी स्मारकापाशी गेले आणि तिथे आत्मक्लेश केला. नट म्हणून कुठलीही भूमिका करण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. तरीही शिवाजी आणि संभाजी या भूमिकांच्या बळावर ज्याने मते मागितली, त्याला इतर भूमिकांपासून स्वतःला अलग ठेवता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. भूमिकेचे पुण्य घ्यायचे तर तिचे ओझेही घ्यावे लागते. आळंदीला जाऊन त्यांनी ते घेतले.

२ जुलै २०२३ रोजी अजित पवार यांनी राजभवनात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा कोल्हे तिथे उपस्थित होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपण शरद पवारांसोबत असल्याचे जाहीर केले. चरित्रकाराने या दोन दिवसांवरून घाईने जाऊ नये. त्या एका दिवसाची उपस्थिती ही नोंद आहे आणि नंतरची भूमिका हीदेखील नोंद आहे. दुसरी नोंद पहिलीहून जड ठरली, कारण तिची किंमत त्यांनी पुढे मोजली: मतदारसंघातल्या राष्ट्रवादीच्या पाच आमदारांपैकी शिरूरचे अशोक पवार तेवढे त्यांच्या बाजूला राहिले. बाकीचे शेवटी दुसऱ्या बाजूला गेले.

डिसेंबर २०२३ मध्ये शिरूर आणि दौंडचे प्रतिनिधी एका दिवशी एका यादीत आले. ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती. १९ डिसेंबरला लोकसभेतून ४९ सदस्य निलंबित झाले. त्यांत शिरूरचे अमोल कोल्हे होते आणि बारामतीच्या, म्हणजे दौंडच्याही, सुप्रिया सुळे. आठवड्याभराने, २७ डिसेंबरला, दोघांनी शिवनेरीपासून शेतकरी आक्रोश मोर्चा काढला आणि ३० तारखेला तो पुण्यात पोचला. याच दिवसांत अजित पवारांनी शिरूरमधून आपण वेगळा उमेदवार निवडून आणून दाखवू, असे जाहीरपणे सांगितले होते.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिले. शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ मिळाला. मार्चमध्ये आढळराव राष्ट्रवादीत आले आणि घड्याळावर उभे राहिले. दोन उमेदवार तेच, पण २०१९ मध्ये ज्या चिन्हाविरुद्ध आढळराव लढले होते, ते आता त्यांच्या हातात होते, आणि ज्याच्या हातात ते होते त्याच्याकडे नवी तुतारी. त्यातच एका अपक्षाला मिळालेल्या पिपाणीने तुतारीशी साम्य दाखवून हजारो मते खाल्ली.

१३ मे २०२४ रोजी मतदान झाले. कांद्याची निर्यातबंदी त्याच्या नऊ दिवस आधी, ४ मेला, उठवली गेली होती. निकाल: कोल्हे ६,९८,६९२, आढळराव ५,५७,७४१. फरक १,४०,९५१. मालिका संपून चार वर्षे झाली होती. पक्षाचे नाव गेले होते, चिन्ह गेले होते, बहुतेक आमदार गेले होते, आणि मते ६२,८६२ ने वाढली होती. घड्याळाची २०१९ ची सहा लाखांवरची मते साडेपाच लाखांवर आली. २०१९ चे स्पष्टीकरण चेहऱ्यातून अंशतः तरी देता येते. २०२४ चे तसे देता येत नाही. भोसरीत या वेळीही आढळरावच पुढे होते, बाकी पाच ठिकाणी कोल्हे. त्याच दिवशी लागलेल्या निकालांत कांद्याच्या पट्ट्यातल्या दिंडोरीत केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार हरल्या. त्याही एमबीबीएस. डॉक्टरकीची पदवी दोघांकडेही होती. कांदा एकाच्या बाजूने होता आणि दुसरीच्या विरोधात. बारामतीत सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनी निवडून आल्या आणि दौंडनेही त्यांना आघाडी दिली.

सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभा झाली. शिरूरमध्ये अशोक पवार मोठ्या फरकाने हरले, अजित पवारांच्या पक्षाचे ज्ञानेश्वर कटके निवडून आले. दौंडमध्ये भाजपचे राहुल कुल पुन्हा आले, २०१९ मध्ये फक्त ७४६ मतांनी वाचलेले तेच कुल. आंबेगावात वळसे पाटील जेमतेम दीड हजार मतांनी टिकले, समोर होते २०१४ च्या लोकसभेतले देवदत्त निकम. भीमेच्या दोन्ही काठांवर मेमध्ये एका बाजूला झुकलेला मतदार नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या बाजूला गेला. खासदाराचे मत आमदाराला देता येत नाही, हे १९८ आणि १९९ या दोन्ही क्रमांकांनी एकाच दिवशी नोंदवून ठेवले.

राहता राहिला ‘डॉक्टर’ हा शब्द. तो पोस्टरवर आहे, शपथपत्रात आहे, लोकसभेच्या पटावर आहे. राजकारणातल्या कामात त्याचा माग काढायचा तर एक मोठी नोंद सापडते: इंद्रायणी मेडिसिटी. पुण्याजवळ ३०० एकरांवर सगळ्या उपचारपद्धतींचे, संशोधनाचे आणि वैद्यकीय शिक्षणाचे एकत्र केंद्र उभारावे, ही कल्पना कोल्हे यांनी मांडली आणि राज्याच्या २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली. केईएमच्या इमारतीखाली उभे राहून शिकलेल्या माणसाला सुचावी अशीच ही कल्पना आहे, आणि तिच्यात जीवराज मेहतांच्या पिढीची आठवण आहे. पण अर्थसंकल्पातली घोषणा हा रुग्णालयाचा पाया नसतो. जोवर खेड-शिरूरच्या रुग्णाला पुण्याच्या ससूनपर्यंत धाव घ्यावी लागते, तोवर या चरित्रातला डॉक्टर अजून परीक्षेला बसलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. नट आणि लोकप्रतिनिधी या दोन्ही परीक्षा त्याने मतदारांसमोर दिल्या आहेत.

शिरूर आणि दौंडच्या वाचकांना एक विनंती. फॉर्म २० हा जाहीर कागद आहे. त्यात प्रत्येक मतदान केंद्राची स्वतंत्र ओळ असते. २०१९ आणि २०२४ च्या पत्रकांतली आपल्या गावच्या केंद्राची ओळ काढा, दोन्ही शेजारी ठेवून वाचा, आणि तो कागद घरात जपून ठेवा.